उतरलेल्या सेलवरचं गाणं

परतूरहून जालन्याला जाणारी सकाळची गाडी मल्हारीनं आजवर किती वेळा चुकवली, याची मोजदाद त्याच्या बायकोनंसुद्धा आता सोडून दिली आहे. सुगंधाबाई चहा लवकर देते, रुमाल हातात ठेवते, दारापर्यंत ढकलत नेते. पण पुढचा रस्ता मल्हारीचा स्वतःचा असतो. वाटेत बाभळीला शेंगा धरल्यात का बघायचं, कुणाची शेळी लंगडतेय का बघायचं. स्टेशनात पोचावं तर गाडीचा शेवटचा डबा सिग्नल ओलांडत असतो. मग हा गृहस्थ बाकावर बसून पुढच्या गाडीची वाट बघतो, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू त्याच गाडीसाठी तो घरून निघाला होता.

साठी उलटलेल्या माणसाला आता काय बदलायचं? चाळीस वर्षं तो मेंढरांमागं चालला. मेंढरू दामटून नेता येत नाही. ते चरत चरत जाणार, आणि मागचा माणूसही मग तसाच होतो. एके काळी दीडशे होती, आता दारात अकरा उरलीत. आणि त्या चालीत भर घातली ती भुजंगच्या गिटारनं.

भुजंग म्हणजे शेजारच्या शिवारातल्या कारभारींचा धाकटा मुलगा. दीड वर्षापूर्वी तो बसल्या जागी गेला. या भागातल्या लग्नांत तीस वर्षं त्यानं गिटार वाजवली आणि त्याच्या शेजारी बसून मल्हारीनं ढोल. नाचायच्या वेळी नव्हे. नाचायला त्यांचं वाजवणं कुणाच्या कामाचं नव्हतं. ते वाजवायचे पंगतीच्या वेळी. भोंग्यातून ती जाड, सुस्त, ओढत नेलेली सुरावट सुरू झाली की जेवणारी माणसंही हळूहळू चावायला लागत, बुंदीचा घास हातात धरून कुठंतरी लांब बघत बसत. वाढपी वैतागायचे. "भुजंगभाऊ, दुसरी पंगत खोळंबली, जरा जल्दी वाजवा की!" भुजंग नुसता हसायचा आणि आणखी हळू वाजवायचा. असल्या माणसाचं कोण काय करणार?

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भरदुपारी मल्हारीच्या दारात स्कूटी थांबली. भुजंगची एकुलती एक मुलगी तृप्ती. गाणी रेकॉर्ड करायचं शिक्षण घेऊन ती शहरात काम करते. तिनं पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मेंढरांच्या वासात, बाजेवर मांडी घालून बसली. वडलांच्या आठवणीत ती एक अल्बम काढत होती. भुजंग वाजवायचा ती आठ गाणी, वाजवणारी आजची पोरं.

"याला ब्लूज रॉक म्हणतात, काका."

"म्हनत असतील," मल्हारी म्हणाला. "आमी म्हाताऱ्याचं गाणं म्हनत होतो."

"ढोलाला तुम्ही पाहिजेत. दुसरं कुणी नको."

मल्हारीचा जीव सुपाएवढा झाला. पण घोडं पुढंच पेंड खात होतं. तृप्तीनं दोन गाणी एकामागून एक ऐकवली. पहिलं तिच्या वडलांच्या ट्रंकेतल्या जुन्या कॅसेटवरचं, मूळ विलायती गाणं. चपळ, टणक, तरण्याबांड आवाजातलं. दुसरं तेच गाणं, भुजंगनं एका लग्नात वाजवलेलं. पार खालच्या पट्टीत, आणि चाल अशी की वाटावं आता थांबतंय, मग थांबतंय.

"पोरं म्हणतात, बाबांनी चाल चुकीची उचलली. आपण अल्बममध्ये मूळ वेगात घेऊ, म्हणजे कुणी हसायचं नाही. मला काही ठरवता येईना. बाबांनी असं हळू का वाजवलं, काका? तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

मल्हारीनं एका कोकराचं डोकं खाजवलं. मग दुसऱ्याचं. "मला काय कळतंय त्यातलं, माय," तो म्हणाला. "पोरं शिकलेली हायत. ते म्हनतील ते बराबर."

तृप्ती लॅपटॉप मिटून गेली, आणि चुलीपाशी बसलेल्या सुगंधाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की त्यानं तोंड फिरवलं. कारण खोटं तो एकट्यानं बोलला असला, तरी खरं दोघांनाही माहीत होतं.

ते खरं पस्तीस वर्षांपूर्वीचं. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतात. लेंड्यांचं खत जमिनीला, त्याबदल्यात धान्य मेंढपाळाला. त्या साली कारभारींच्या रानात मल्हारीची मेंढरं दीड महिना बसली होती, आणि तिथं रोज दुपारी विशीतला भुजंग यायचा, काखेत टेप घेऊन. बदनापूरच्या संशोधन केंद्रातल्या एका साहेबानं बदली होताना तो टेप त्याला देऊन टाकला होता. आत एकच कॅसेट, वर ना नाव ना चित्र. घरात वडलांसमोर टेप लावायची टाप नव्हती आणि रानात लाईट नव्हती, म्हणून सगळा कारभार सेलवर. भुजंग दर बाजारी नवे सेल आणून विश्वासानं मल्हारीच्या हवाली करायचा. टेपही त्याच्याचकडं राहायचा.

आणि मल्हारी ते नवे सेल आपल्या बॅटरीत घालायचा. त्या साली लांडग्यानं दोन कोकरं उचलली होती. बॅटरी मिणमिणती असली तर माणूस रात्री काय राखणार, कपाळ? बॅटरीतले उतरलेले सेल तो सकाळी दगडावर उन्हात तापत ठेवायचा आणि दुपारी टेपात सारायचा. चार दिवस करू, मग सांगू, असं म्हणत म्हणत महिना गेला.

उतरलेल्या सेलवर टेप चालायचा, पण जेवून उठलेल्या बैलासारखा. गाणाऱ्याचा आवाज खोल जायचा, शब्द लांबायचे, दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा पडायची की त्यातून वारा यायचा. ऊन मी म्हणत असायचं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी, आणि लिंबाखाली ही दोघं आडवी. भाषा एका अक्षरानं कळत नव्हती. पण एवढं नक्की ठरलं होतं की गाणारा लई म्हातारा आहे.

"त्याची म्हैस हारपली असंल," मल्हारी म्हणायचा.

"बायको गेली असंल सोडून."

"बायकूसाठी एवढं हळू कोन रडतंय? म्हैसच."

रोज त्या म्हाताऱ्यात थोडी थोडी भर पडायची. एके दिवशी त्याच्या खांद्यावर घोंगडी आली. एके दिवशी त्याचं गाव नदीकाठी गेलं आणि नदीला पाणी आलं. डोळे मिटले की तो दोघांच्या मधे येऊन बसायचा, गुडघे जवळ घेऊन, आणि गायचा. कधी झोप लागायची ते कळायचं नाही, आणि झोपेतही गाणं चालूच असायचं. जाग आल्यावर सावली सरकलेली, मेंढरं सरकलेली, म्हातारं मात्र तिथंच. मल्हारीच्या आयुष्यात सुखाचे दिवस पुढं पुष्कळ आले, पण त्या दुपारींची सर एकालाही आली नाही, हे तो बायकोसमोरही कबूल करतो.

पुढं भुजंगनं जालन्यातून जुनी गिटार मिळवली. म्हाताऱ्याच्या आवाजाशी जुळावं म्हणून तारा सैल केल्या, इतक्या की त्या थरथरताना डोळ्यांना दिसायच्या. मल्हारीनं बापाचा ढोल काढला. दोन वर्षं झाली, लग्नाच्या सुपाऱ्या यायला लागल्या, आणि मल्हारीचंही लग्न झालं.

नवी नवरी सुगंधा एका सकाळी एकटीच पालावर होती. गाणं ऐकावं म्हणून तिनं गाठोड्यात दिसले ते नवे सेल टेपात घातले. पाण्याला गेलेला मल्हारी परत येतो तो काय, टेपातून कुणी भलताच तरणा गडी गात होता! उड्या मारत, टाळ्या वाजवाव्यात अशा चालीनं. सुगंधा हसत होती, डोलत होती. मल्हारी हंडा घेऊन जागच्या जागी उभा राहिला. म्हातारं गेलं होतं. नदीही गेली, घोंगडीही गेली. आणि मागोमाग त्याच्या ध्यानात आलं: भुजंग दोन वर्षं जे शिकला, ते आपण चोरलेल्या सेलचं गाणं आहे.

त्यानं सेल काढले, जुने घातले, आणि बायकोला मेंढरांची शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकलेली राहिलीही असती. पण तृप्तीच्या जन्माआधी भुजंगला पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रानं बोलावलं. गाव गोळा झालं होतं त्याला गाडीत बसवायला. चौथ्या दिवशी तो परत आला. "तिथली हवा मानवली न्हाई," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा कधी पुण्याचं नाव काढलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मल्हारीला दुसरं कारण सुचलंच नाही. ही विलायती गाणी असली झोपाळू वाजवतात का म्हणून तिथं हसले असणार, पोराला हाकलून दिलं असणार. हिऱ्यासारखा माणूस आपल्या तीन-चार सेलांपायी पंगतीत वाजवत राहिला, हा काटा मल्हारी तीस वर्षं उरात घेऊन हिंडत होता.

आता तृप्ती येऊन गेल्यावर त्याला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर भुजंगचं हसं होतं, आणि तो ज्याला जीव लावत होता तो चोर निघतो. न सांगावं तर अल्बमवर नाव भुजंगचं आणि आत दुसराच कुणी.

सुगंधाबाईनं तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "आवो, शपथ तुमी घातल्ती. तुमीच सोडा. न्हाई तर मी जाते जालन्याला."

मल्हारीनं रुमाल बांधला, ढोल खांद्याला लावला, आणि त्या दिवशी सकाळची गाडी मिळाली. स्टेशनातल्या चहावाल्यानं दोनदा घड्याळ बघितलं म्हणतात.

रेकॉर्डिंग जुन्या जालन्यात होतं, राधेश्यामच्या धान्याच्या दुकानावरच्या खोलीत. राधेश्याम हा भुजंगचा जुना दोस्त; दुकान सांभाळून पेटी वाजवणारा, भुजंगबरोबर पुण्याला गेलेला तोच. बाजाराची सुट्टी होती म्हणून गल्ली निजल्यासारखी होती. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून बारदाना आणि गोधड्या टांगलेल्या, आणि त्यांतून सगळीकडं ज्वारीचा वास. मधे वायरींचं जाळं. आदिनाथ नावाचा पोरगा गिटार वाजवत होता, मूळ वेगात.

छान वाजवत होता, खोटं कशाला बोला. बोटं सुरसुर पळत होती. मल्हारी दारातच ढोलावर हात ठेवून ऐकत राहिला, आणि त्याला वाटलं, आपण कुणा परक्याच्या वरातीत शिरलोय. गाण्यात कुठं बसायलाच जागा नव्हती.

"काका! आलात?" तृप्ती उठली.

"बंद कर, माय, ते. मला आधी बोलू दे."

आणि उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. लांडगा, बॅटरी, दगडावरचे सेल, सुगंधाची ती सकाळ. पुण्याचंही सांगितलं. "तुझ्या बापाची चाल चुकली न्हाई, पोरी. मी चुकवली. सेल त्याचे होते, मी चोरले. त्याला ठावं असतं तर तो कुठल्या कुठं गेला असता. माझ्यामुळं इथं राह्यला." बोलताना तो कुठं अडखळला नाही, तीस वर्षं पाठ केलेलं होतं.

आदिनाथला हसू आलं, पण तृप्तीचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. ती मल्हारीकडं बघतच होती. राग होता, आणि तो तिनं लपवलाही नाही. "मी घरी आले तेव्हा का नाही सांगितलं, काका? मी दीड वर्ष शोधतेय."

तेवढ्यात कोपऱ्यात पोत्यावर बसलेल्या राधेश्यामनं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"मल्हारी, तू बिलकुल येडा आहेस," तो म्हणाला. "त्याला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. त्याच साली. तू टेप त्याच्याकडं दिल्ता दोन दिवस, आठवतं का? तो इथं आणला, खाली दुकानात लाईटीवर लावला. ऐकलं, परत लावून ऐकलं. मला म्हणाला, राधे, हे तर पोरगं आहे रे, वीस-बावीसचं. मी म्हणालो, जाऊन त्या मल्हारीला झापड. तर म्हणे, न्हाई. त्याची कोकरं नेली लांडग्यानं, घेईना का सेल. आणि त्याचं म्हातारं आपण मारायचं न्हाई. बिचारा रोज वाट बघतो त्याची."

खाली गल्लीतून एक ऑटो गेला.

"आणि पुनं?" मल्हारीनं विचारलं.

"पुण्यात मी होतो ना सोबत. फास्ट वाजवायला सांगितलं, तर त्यानं असं वाजवलं की मालक खुर्चीतून उठला. बोलला, उद्यापासून ये. हा म्हणाला, येतो, पण माझा ढोलवाला पण येईल. मालक बोलला, आमच्याकडे ड्रम आहे. भुजंगनं गिटार पिशवीत घातली. गाडीत मी लई शिव्या दिल्या त्याला. म्हणाला, राधे, मल्हारीचा ढोल मेंढराच्या चालीनं चालतो. त्याला पळायला जमणार न्हाई, आणि मला त्याच्याबिगर जमणार न्हाई. बस. आणि मला शपथ घातली."

मल्हारी खाली बसला. मग त्याच्या तोंडातून जे निघालं ते रडणं नव्हतं. तो संतापला होता. खराखुरा, आयुष्यात पहिल्यांदा.

"कोन म्हनलं जमनार न्हाई?" त्यानं ढोल पुढं ओढला. "कोन म्हनलं, भुजंग्या? जत्रंत मी बापाच्या पुढं वाजवत होतो, लोक थकायचे, मी न्हाई! तुझं हळू उघडं पडू नये म्हनून मी हात आखडून धरला, आं? तीस वर्षं! मला इच्यारायचं तरी एकदा!"

आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली. असा ढोल त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता. काठी दिसेना, नुसता आवाज. टांगलेल्या गोधड्या हलायला लागल्या, बारदान्यातून धूळ गळू लागली. आदिनाथ तोंड उघडं टाकून बघत राहिला. तृप्तीनं एकदाच हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. माईक आधीपासूनच चालू होते. मल्हारी वाजवत होता आणि वाजवता वाजवता मेलेल्या दोस्ताशी भांडत होता, पुण्यापर्यंत गेला असता असा पळत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग काठी हळू होत गेली. हात थकले म्हणून नव्हे. दोन ठोक्यांच्या मधे जागा पडायला लागली, ती वाढत गेली, आणि गल्ली, ज्वारीचा वास, दुपारचं ऊन सगळं त्या जागेत येऊन बसलं. मल्हारीचे डोळे मिटले. चेहऱ्यावरचा राग निवत निवत कुठं गेला ते कळलं नाही. आता तो ओळखीच्या चालीवर आला होता. या चालीत ढोलाचा एक फेरा पुरा झाला की पुढचा गिटारचा. तीस वर्षांत त्यात कधी बदल झाला नव्हता.

फेरा पुरा झाला. मल्हारीनं डोळे न उघडता डावीकडं मान वळवली आणि सवयीनं, हळूच म्हणाला, "घे."

आदिनाथच्या मांडीवर गिटार होती. त्यानं तारांवर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

तृप्तीनं अल्बममध्ये बाकीची सात गाणी वडलांच्या चालीनं घेतली, तारा सैल करून. आठव्यात फक्त ढोल आहे. त्यात ते "घे" स्पष्ट ऐकू येतं, आणि त्यापुढच्या फेऱ्यात कुणीच काही वाजवलेलं नाही.